मुदत कधीपासून मोजायची?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत उसनवारीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपलीच माणसं, पैसे कुठं पळून जातात?" पैसे पळत नाहीत, पण ते कोर्टातून मागायची मुदत संपते. मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. हातउसन्या पैशांना त्यात तीन वर्षं दिली आहेत.

समजा, तुम्ही १० जून २०२३ ला नणंदेला ४०,००० रुपये दिले आणि कधी फेडायचे ते काही ठरलं नाही. तर मुदत पैसे दिल्या दिवसापासून धावते. १० जून २०२६ पर्यंत दावा कोर्टात दाखल व्हायला हवा. "देते गं वहिनी, दिवाळीनंतर" या तोंडी शब्दानं मुदत एक दिवसही पुढे जात नाही. वकिलाची नोटीस धाडली, पोलिसांत अर्ज दिला, तरी नाही. कागद स्टॅम्पपेपरवर केला होता, म्हणूनही नाही. समोरच्यानं हरकत घेतली नाही तरी उशिरा आलेला दावा न्यायाधीशांना फेटाळावाच लागतो. "उशीर माफ करा" हा अर्ज अपिलात चालतो, मूळ दाव्यात चालत नाही.

मुदत पुढे नेते ती सही. तीन वर्षं संपायच्या आत नणंदेनं "आजअखेर ३०,००० रुपये देणे आहे" असं लिहून तारखेसह सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. तिनं थोडी रक्कम फेडली आणि त्याची नोंद तिच्या अक्षरात किंवा तिच्या सहीनं असली, तरी तसंच. आपणच आपल्या वहीत लिहिलेलं "५,००० मिळाले" मात्र पुरत नाही. म्हणून गटाच्या कर्जखात्यावर दर मार्चला प्रत्येक कर्जदार ताईची शिल्लक रकमेसमोर सही घ्या. बँकाही कर्जदारांकडून असंच लिहून घेतात, त्यात अविश्वास कसला?

मुदत उलटून गेल्यावरही तिनं फेडायचं नवं लेखी वचन सहीनिशी दिलं, तर तो नवा करार धरला जातो. पण तेव्हा ते तिच्या मर्जीवर.

पापड-मसाल्याच्या मालापोटी व्यापाऱ्यानं दिलेला चेक परत आला, तर हिशेब दिवसांचा आहे. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार.

उसनवारीत तारीख आपल्याला ठाऊक तरी असते. दुसऱ्याच्या कारखान्यामुळे आपलं नुकसान झालं, तर मुदत असते हेच कुणी सांगत नाही. आपल्या कितीजणींच्या लेकी-बहिणी डोंबिवलीत एमआयडीसीच्या आसपास राहतात. २६ मे २०१६ ला तिथं प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत. आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं जखमी झाली. २०१६ नंतर पंचनामे झाले, तरी भरपाईसाठी रहिवासी वर्षानुवर्षे थांबले.

घातक रसायनांच्या अपघातासाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. त्यात कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, आणि तो अपघातापासून पाच वर्षांच्या आत. म्हणजे २०२४ च्या स्फोटासाठी मे २०२९ उजाडायच्या आधीच अर्ज आत गेलेला बरा. तलाठी येऊन पंचनामा करून गेले म्हणजे आपला अर्ज झाला, असं समजू नका. अर्जाची पोच आपल्या हातात हवी. ही मदत तातडीची, रक्कम फार नसते, पण ती घेतल्यानं जास्त भरपाई मागायचा हक्क जात नाही. कंपनीतल्या कामगारांचा दावा वेगळ्या कायद्याखाली येतो.

वकिलाच्या फीला घाबरू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन लावा. जाताना कागदांसोबत एका चिठ्ठीवर तीन तारखा लिहून न्या : पैसे दिले ती किंवा नुकसान झालं ती, शेवटची रक्कम मिळाली ती, शेवटची सही झाली ती. वकील पहिला प्रश्न हाच विचारतात.