कोरफडीचं पान का रुजलं नाही?



चौथीच्या वर्गात मी पानफुटी शिकवली. पान मातीवर ठेवलं की कडेच्या खाचांतून रोपं फुटतात, हे मुलांनी स्वतः करून पाहिलं. मग एका मुलाने घरच्या कोरफडीचं पान तोडून कुंडीत खोचलं आणि रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांनी हिरमुसला होऊन आला, "मॅडम, माहं पान तं सडलं जी!"

चूक त्याची नव्हती. "जाड पानापासून नवीन रोप तयार होतं" असं मीच फळ्यावर लिहिलं होतं. वाक्य अर्धवट होतं.

नवीन रोप यायला डोळा लागतो. पानफुटीचे डोळे पानाच्या कडेला असतात. कोरफडीच्या पानात डोळा नसतो. तिचं खोड अगदी आखूड, मातीलगत असतं आणि डोळे त्या खोडावर असतात. केळीला मुनवे फुटतात, तशीच कोरफडीला बुडाशी पिल्लं फुटतात. म्हणून एकीचं हळूहळू बेट तयार होतं.

मुलांना पिल्लू जवळून पाहू द्या. त्याची पानं समोरासमोर दोनच रांगांत असतात आणि त्यांवर पांढरे ठिपके असतात. मोठ्या झाडाची पानं मात्र गोलाकार रचनेत असतात, ठिपकेही बहुतेक गेलेले असतात. "हे वेगळंच झाड आहे" असं मुलं हमखास म्हणतात. लगेच उत्तर देऊ नका, बुडाशी माती उकरून जोड दाखवा.

आता पाण्याचं बघू. आपल्याकडे दारावर कोरफड उलटी टांगतात. पाणी नाही, माती नाही, तरी ती कितीतरी दिवस हिरवी राहते. कोरफड मूळची अरबस्तानातली. पानातल्या गरात ती पाणी साठवते. पानावरची बारीक छिद्रं ती दिवसा मिटून ठेवते आणि रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड दिवसा उन्हात वापरते. म्हणूनच मोझरीच्या मे महिन्यातही ती तग धरते. पण आपली काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात रोज पाणी घातलं की मुळं सडतात, बरं का!

वर्गात असं करा :

1. तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं असलेलं पिल्लू अलगद वेगळं करा.
2. दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, म्हणजे जखम सुकेल.
3. बुडाला छिद्र असलेल्या कुंडीत माती आणि रेती निम्मी-निम्मी भरून लावा.
4. बोट घालून पाहा, माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

पान आडवं कापून हिरवी साल, सालीखालचा पिवळा चीक आणि आतला पारदर्शक गर दाखवा. कापायचं काम मात्र आपणच करायचं. हाच चीक सुकवून काळा बोळ करतात. तो कडू आणि जोरदार रेचक असतो, म्हणून मुलांना चाखू देऊ नका. पालकांनीही घरचं पान परस्पर मुलांना खायला देऊ नये.

त्या मुलाला मी शाळेच्या कुंडीतलं एक पिल्लू दिलं. फळ्यावरचं जुनं वाक्य त्यालाच पुसायला लावलं. त्याने नवीन लिहिलं : "जिथे डोळा, तिथे रोप."