सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखतं कुठे?

माझ्या ओटीपोटातल्या दुखण्याबद्दल ‘सगळं मनाचं आहे,’ असं एका खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता, शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांना. ‘यांना जरा कामात गुंतवा.’ चिखली तालुक्यातल्या बाईला सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी आणि घरचं सगळं उरकून अजून कुठे गुंतवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पार दुसरं टोक गाठलं. ‘दोन लेकरं झाली, आता गर्भपिशवीचं काय काम? काढून टाका, पुढे कॅन्सरची भीती नको.’ रिपोर्टमध्ये ना गाठ, ना सूज. जाऊबाईंनी दवाखान्यात डबा कोण पोहोचवणार तेही ठरवून टाकलं. मला बीडची बातमी आठवली म्हणून वाचले. तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली होती, २०१९ची गोष्ट.

शेवटी अकोल्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, ‘कळ उठते तेव्हा घरात काय चालू असतं?’ मी बँकेच्या नोटिशीचं, वाटणीच्या भांडणाचं सांगू लागले. त्यांचा हात माझ्या ओटीपोटावर होता. ‘आत्ता बघा, श्वास धरलाय, पोट आवळलंय.’ खरंच आवळलं होतं, आणि सोडते म्हटलं तरी सुटेना. इतकी वर्षं हे कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं!

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, गुदाशय त्यांच्यावर पेललेले. ताणात ते आवळतात, आवळून दुखतात, दुखण्याने धास्ती वाढते, की पुन्हा आवळतात. पुढे नसाही साध्या दाबाला कळ समजू लागतात. म्हणजे पहिले डॉक्टर अर्धं खरं बोलले होते. दुखणं मनाशी जोडलेलं असलं तरी खोटं नसतं, हे उरलेलं अर्धं त्यांनी गिळलं. फी मात्र पुरती घेतली.

बायांनो, यूट्यूबवर बघून ‘आवळा-सोडा’चे व्यायाम करू नका. स्नायू आधीच आवळलेले असतील तर त्याने दुखणं वाढतं. मला आधी पोटात श्वास घेऊन सैल सोडणं शिकावं लागलं. आतून तपासणी करायची असेल तर आधी नीट समजावून घ्या. नको म्हणायचा हक्क तुमचा आहे. दुखण्याच्या तारखांसोबत झोप, भांडण, कामाचा ताण हेही वहीत लिहा. पाणी प्या, चाला, हे तर सगळेच सांगतात. पाळी गेल्यावर रक्त जाणं, ताप, घाण वासाचं पाणी, वजन उतरणं यांतलं काही असेल तर मात्र ताणावर ढकलू नका, तपासण्या करा. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे; मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि कुणी ‘पिशवी काढा’ म्हटलं तर कारण कागदावर लिहून मागा. विनाकारण पिशव्या काढणं थांबवायला केंद्राने २०२२मध्ये नियमावली केली. ती राज्यांनी लागू करावी, असं २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावलं आहे. तो कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय भरती होऊ नका, जाऊबाई काहीही म्हणोत.