गरम पाण्याचा पाइप : वऱ्हाडात कुणाला परवडतो?

सालबर्डीचा गरम पाण्याचा झरा मोर्शी तालुक्यात, अगदी मध्य प्रदेशच्या हद्दीवर. महाशिवरात्रीच्या यात्रेहून परतलेलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच : जमिनीतून फुकट गरम पाणी निघतंय, मग पाइप टाकून ते अमरावतीत का आणत नाहीत? प्रश्न वेडगळ नाही. अमरावतीचं पिण्याचं पाणी त्याच अंगानं, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, पन्नासहून जास्त किलोमीटर पाइपातून येतंच की.

आणि असं करणारी शहरं जगात आहेत. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये १९३० साली झऱ्याचं पाणी तीन किलोमीटर नळानं आणून एक शाळा आणि काही घरं गरम केली. आज त्या देशातली दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर चालतात. नेस्यावेट्लिरहून रेक्याविकला येणारा मोठा पाइप २७ किलोमीटरचा आहे आणि एवढ्या वाटेत पाणी जेमतेम दोन अंशांनी निवतं. म्हणजे अंतराचं भय नाही. पाइप जाड, आवरण चांगलं आणि पाणी सतत वाहतं असलं की उष्णता टिकते.

खरी गोम गिऱ्हाइकात आहे. तिथं बाराही महिने घर तापवावं लागतं. आपल्याकडं घर तापवायचं नाहीच, तापवायचं ते आंघोळीचं पाणी, तेही कार्तिक ते माघ. मे महिन्यात अकोल्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. तेव्हा कुणी गरम पाण्याचं बिल भरणार आहे का? वर्षातले आठ महिने रिकाम्या पडणाऱ्या पाइपाचं कर्ज मात्र बाराही महिने फेडावं लागेल. शिवाय सालबर्डीच काय, महाराष्ट्रातला कुठलाच झरा उकळत्या पाण्याचा नाही. तेव्हा सालबर्डीचं पाणी सालबर्डीतच बरं.

पण हेच गणित लहान प्रमाणात तुमच्या इमारतीत येऊन बसतं, आणि तिथं लोक पैसे घालवतात. गच्चीवर सामाईक सोलर किंवा हीट पंप आणि तिथून प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचा पाइप. हे गावाला उष्णता पुरवणाऱ्या जाळ्याचंच धाकटं रूप, आणि त्याचे सगळे दुर्गुण यात आहेत.

आधी माप ठरवू. हिवाळ्यात पहाटे टाकीतलं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं. वीस लिटरची एक बादली बेचाळीस अंशांपर्यंत न्यायला अर्धा युनिट उष्णता लागते. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, पुढं कुणी विक्रेता तुम्हाला फसवू शकणार नाही. विजेच्या गिझरवर अर्धा युनिट म्हणजे, युनिट दहा रुपये धरला तर, बादलीला पाच रुपये. हीट पंप हवेतली उष्णता ओढून एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो, तिथं पावणेदोन रुपये. गॅस गिझरचं काढायचं तर १४.२ किलोच्या सिलिंडरच्या चालू भावाला २८० नं भागा, बादलीचा भाव निघेल. तो विजेपेक्षा कमीच येतो. पण गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं माणसं मेलेली आहेत. गिझर बाहेर, पाइप आत. खेड्यात अजून बंबाखाली पऱ्हाट्या जळतात. तो खर्च धुराचा आणि बाईमाणसाच्या डोळ्यांचा, म्हणून कुणी हिशोबात धरत नाही.

दहा रुपये का धरले? महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटं स्वस्त आणि त्यापुढची जवळपास दुप्पट भावाची. गिझरची युनिटं नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून ती वरच्याच टप्प्यात पडतात. बिलाची सरासरी काढून गिझरचा हिशोब केला तर तो खोटा निघतो. बिल हातात घ्या आणि वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार मिळवून, दहाच्या जागी घाला.

आता चार माणसांचं घर. रोज सहा बादल्या म्हणजे तीन युनिटं, तीस रुपये. थंडीचे चार महिने धरले तर छत्तीसशे. नळ्यांचा दोनशे लिटरचा सोलर कंपनी आणि टाकीनुसार पंचवीस-पस्तीस हजारांच्या घरात जातो. घरगुती हीट पंप लाखाच्या आसपास. म्हणजे नुसत्या हिवाळ्यासाठी सोलर लावला तर पैसे फिटायला आठ-नऊ वर्षं, आणि हीट पंप फिटतच नाही. हे विक्रेता सांगणार नाही. चौकोनी कुटुंबाला, तेही एकाच न्हाणीघराच्या घरात, चांगला पंचवीस लिटरचा गिझर पुरे. सोलर शोभतो तो मोठ्या घराला, बाराही महिने गरम पाणी लागणाऱ्या आजारी-वृद्धांच्या घराला, दवाखान्याला, वसतिगृहाला. पन्नास मुलांच्या वसतिगृहात रोज पन्नास बादल्या, पंचवीस युनिटं, अडीचशे रुपये. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी पन्नास हजार. तिथं सोलर तीन-चार वर्षांत आपली किंमत काढतो.

सोसायटीकडे वळू. सोळा फ्लॅट, सहा बादल्यांप्रमाणे शहाण्णव, म्हणजे अठ्ठेचाळीस युनिटं उष्णता. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून एक इंची पाइपाचं वर्तुळ सगळ्या मजल्यांवरून फिरवतात आणि छोटा पंप पाणी फिरतं ठेवतो. हे वर्तुळ शंभर मीटरचं धरा. उघड्या लोखंडी पाइपातून मीटरमागं ढोबळ तीस-पस्तीस वॅट उष्णता हवेत जाते. चोवीस तास चालू राहिला तर रोज ऐंशी युनिटं! माणसं वापरतात अठ्ठेचाळीस, भिंती पितात ऐंशी. बऱ्यापैकी आवरण घातलं तर गळती चोवीस युनिटांवर येते. पंपाला टायमर लावून फक्त सकाळी साडेपाच ते साडेआठ चालवला तर चार-पाच युनिटांत भागतं. आवरण आणि टायमर यांचा खर्च एकूण कामात किरकोळ असतो आणि नेमका तोच कोटेशनमधून गाळलेला असतो. ‘सोलर तर फुकटचं आहे’ हे उत्तर मिळेल. फुकटचं पाणी रात्रभर पाइपात निवलं की सकाळी टाकीतलं बॅकअपचं हीटर सुरू होतं, ते फुकट नसतं.

वर्तुळ नकोच म्हटलं तर दुसरा खर्च. एक इंची पाइपात मीटरमागं अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून न्हाणीपर्यंत वीस मीटर असतील तर दहा लिटर गार पाणी सोडल्यावर गरम येणार, म्हणजे अर्धी बादली. अकोल्याच्या ज्या भागात नळ रोज येत नाही तिथं ही अर्धी बादली फेकवत नाही. ती वापरायची सोय आधीच करून ठेवा, किंवा फ्लॅटकडे जाणारा फाटा अर्ध्या इंचाचा घ्या. त्यात पाणी चौथा हिस्साच मावतं.

भांडण मात्र पाइपावरून होत नाही, वाटणीवरून होतं. वरच्या मजल्यावर आधी गरम, तळमजल्याला कोमट. कुणी पुण्याला मुलाकडं गेलेलं, कुणाकडं आठ पाहुणे. युरोपातल्या उष्णतेच्या जाळ्यांत यावर जुना तोडगा आहे : बिलाचे दोन भाग. देखभाल, पंप आणि कर्जाचा हप्ता सगळ्यांना सारखा, घर बंद असलं तरी. आणि वापर मीटरप्रमाणे. गरम पाण्याचं मीटर प्रत्येक फ्लॅटला लावायचं तर ते प्लंबिंगबरोबरच लावा. नंतर टाइल फोडाव्या लागतात, मग कुणीच तयार होत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून हा नियम लिहून घेतल्याशिवाय पैसे गोळा करू नका.

पाण्याचा गुण आपल्याकडं निर्णायक. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, अकोल्याच्या कितीतरी गावांत आणि दर्यापूरकडं, बोअरचं पाणी खारट. खाऱ्या पाण्यात साध्या स्टीलच्या टाकीला सांध्याशी भोकं पडतात. जड पाण्यानं नळ्यांत आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. टाकी आतून इनॅमल मुलाम्याची, मॅग्नेशियमचा दांडा असलेली घ्या. तो दांडा टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून दरवर्षी उघडून पाहावा लागतो. वॉरंटीच्या कागदावर ‘पाण्यातले क्षार अमुक मर्यादेपर्यंत’ अशी बारीक ओळ असते. आपल्या पाण्याचा अहवाल आधी काढून त्या ओळीशी ताडून बघा.

अनुदानाच्या बाबतीत घोटाळा होतो. ‘पीएम सूर्यघर’चं अनुदान छतावर वीज करणाऱ्या पॅनेलला मिळतं : तीन किलोवॅट किंवा जास्त असेल तर घराला ७८,००० रुपये, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते नाही. म्हणून छत मोकळं असेल तर आधी पॅनेल आणि त्याच विजेवर दुपारी तापणारा गिझर किंवा हीट पंप, हा हिशोब मांडून बघा. बऱ्याच इमारतींना तोच स्वस्त पडतो.

चिखलदऱ्याच्या लॉजवाल्यांसाठी वेगळं. तिथं गर्दी पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस धुकं. नुसत्या सोलरवर विसंबलात तर ऐन हंगामात गिऱ्हाईक गार पाण्यानं आंघोळ करील. तिथं हीट पंप घ्या, तोही चांगलं आवरण असलेल्या मोठ्या टाकीसह.

राहिली ‘जिओथर्मल एसी’. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचं भू-औष्णिक ऊर्जा धोरण आल्यापासून हा शब्द कानावर पडू लागला आहे. काही मीटर खाली आपली जमीन वर्षभर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असते. बाहेर चव्वेचाळीस असताना एसीची उष्णता हवेऐवजी जमिनीत सोडली तर वीज वाचते, हे खरं. पण दीड टनासाठी निदान तीनशे फूट बोअर लागेल. तुमच्याकडच्या बोअरवाल्याचा फुटाचा दर तीनशेनं गुणा, त्यात नळी आणि भराव मिळवा. उन्हाळ्यात हजारेक युनिटं जाळणाऱ्या एसीत तीस टक्के वाचले तरी बचत तीन हजारांची. बंगल्याला हे परवडत नाही. मोठ्या हॉस्पिटलनं किंवा मॉलनं विचार करावा. आणि वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा आधीच एवढा आहे की बोअरआधी परवानगीची चौकशी करावीच लागेल. कोरड्या मेच्या उन्हात दोनशे वॅटचा कूलर अजूनही वऱ्हाडातला सर्वांत स्वस्त गारवा आहे. तो हरतो आषाढात, दमट हवेत.

सोसायटीत सामाईक गरम पाणी घेत असाल तर पाइपाच्या आवरणाची जाडी, पंपाचा टायमर, फ्लॅटवार मीटर आणि टाकीच्या अस्तराचा प्रकार, हे चारही कोटेशनमध्ये किमतीसह लिहून मागा. त्यातलं एकही गाळलेलं असेल तर सही करू नका.