प्रतिपक्षाची सही

चि. सौ. कां. माई हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. प्रथम वर्षाच्या वर्गाला युक्तिवादपर लेखन शिकविण्याचे काम विभागप्रमुखांनी तुझ्या गळ्यात घातले आणि त्यामुळे तू धास्तावली आहेस, हे वाचून मला फारसे वाईट वाटले नाही. कारण ज्येष्ठ अध्यापक जी कामे कनिष्ठांकडे सरकवितात, त्यांतच बहुधा खरे अध्यापन शिल्लक असते. काव्यनाटकांवर बोलताना वक्तृत्वाच्या बळावर तास निभावून नेता येतो. परंतु विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने एखादे प्रमेय मांडावे, त्यास पुरावा द्यावा आणि ते वाचून विरुद्ध मताच्या मनुष्यासही क्षणभर थांबावेसे वाटावे, अशी अपेक्षा एकदा धरली की अध्यापकास प्रत्येक वहीशी निराळी झुंज घ्यावी लागते.

प्रथम विषयांची ती परंपरागत यादी दप्तरात बांधून ठेव. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर मुलांनी शाळेपासून इतक्या वेळा लिहिलेले असते की हात आपोआप चालतो आणि डोके स्वस्थ बसते, शिवाय हे सर्व कोणाला उद्देशून सांगावयाचे आणि त्याने ते ऐकून काय करावयाचे, याचा तेथे पत्ताच नसतो. ज्याचा निकाल देणारा अधिकारी डोळ्यांसमोर आहे, असा लहानसा प्रश्न निवड. ७५ टक्के हजेरीची अट शिथिल करावी काय, हा प्रश्न घेतलास तर वाचक ठरला : प्राचार्य. आता एखादा मुलगा पहिल्याच ओळीत ‘हजेरीची सक्ती म्हणजे गुलामगिरी होय’ असे ठोकून देईल. त्यावर लाल शाईची फुली मारू नकोस. समासात एवढेच विचार की ही सक्ती कोणास जाचते : पहाटे उठून दोन गाड्या बदलून येणाऱ्यास, दुपारी दुकानात नोकरी करणाऱ्यास, की उपाहारगृहात गप्पा मारीत बसणाऱ्यास? तिघांची अडचण एकच नव्हे, आणि तिघांसाठी मागावयाची सवलतही एक असू शकत नाही, हे ध्यानात आले की ‘गुलामगिरी’ हा शब्द तो स्वतःच खोडतो आणि वहीत पहिल्यांदा विचार दिसू लागतो.

परंतु येथपर्यंतचे काम सोपे आहे. कसोटी पुढे लागते. प्राचार्यांच्या बाजूचा परिच्छेद त्याच मुलाकडून लिहवून घे, आणि अट अशी घाल की तो वाचून प्राचार्यांनी ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ म्हणून खाली सही करावी. बहुतेकांना हे प्रथम साधत नाही. ‘काही लोक म्हणतात की शिस्त हवी, पण ते चूक आहे’ एवढ्यावर ते प्रतिपक्षाची बोळवण करतात. हे काही लोक कोण, त्यांना शिस्त कशासाठी हवी, अट उठविल्यावर वर्ग ओस पडले तर जे नेमाने येतात त्यांचे काय होईल, हे त्यांच्याकडून काढून घेणे हीच, माझ्या मते, तुझ्या संपूर्ण वर्षाची कामगिरी आहे; बाकीचे सर्व तिच्या अनुषंगाने येईल.

या बाबतीत आपल्या जुन्या निवाडपत्रांइतका चांगला नमुना मला दुसरा ठाऊक नाही. इतिहासकार राजवाड्यांनी आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने जी साधने प्रसिद्ध केली, त्यांत पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनांवरून झालेल्या तंट्यांचे कागद पुष्कळ आहेत. होणारा निवाडा मान्य करू, असे राजीनामे वादी-प्रतिवाद्यांकडून आधीच घेत. मग अग्रवादीची म्हणजे वादीची तकरीर आणि पश्चिमवादीची म्हणजे प्रतिवादीची तकरीर, अर्थात प्रत्येकाचे म्हणणे, लिहून घेत, आणि निवाड्याच्या कागदात दोन्ही सविस्तर उतरत. त्यानंतर जुने कागद, साक्षीदारांच्या जबान्या, आणि शेवटी निर्णय. हरलेल्याकडून पुन्हा यजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून घेण्याचा प्रघात होता. असा एखादा निवाडा वर्गात वाचून दाखव आणि निर्णयापाशी येण्यापूर्वी थांब. कोणाची बाजू खरी याबद्दल मुले आपापसांत भांडू लागली, तर दोन्ही तकरिरा निःपक्षपातीपणे लिहिल्या गेल्या होत्या असे खुशाल समज. पुराव्याने निकाल लागेनासा झाला म्हणजे मात्र तेथेही दिव्याचा अवलंब होई, उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. आमचे विद्यार्थी मुद्दे संपले की थोर पुरुषांची सुभाषिते काढतात, तो प्रकार या दिव्याच्याच जातीचा. फरक इतकाच की त्यात हात भाजत नाही.

सत्यशोधनासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता नुसते खंडन ती वितंडा, हे नैयायिकांचे भेद एका तासात सांगून टाक. परीक्षेत ते विचारू नकोस, नाहीतर मुले व्याख्या पाठ करतील आणि वितंडाच घालीत राहतील.

दुसऱ्या सत्रात मोठ्या वादाकडे वळायचे झाले, तर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे प्रकरण घे. कलकत्त्यास फुलमणी नावाची बालिका पतीच्या अत्याचाराने दगावली, त्या खटल्याने लोकमत हादरले आणि शरीरसंबंधास संमतीचे वय १० वरून १२ करणारा कायदा आला. आगरकरांचा ‘सुधारक’ कायद्याच्या बाजूने उभा राहिला, टिळकांनी विरोध केला. एवढ्यावरून विद्यार्थी हटकून लिहितात की टिळक बालविवाहाचे पुरस्कर्ते होते. वस्तुतः मुलींची लग्ने वयाच्या १६ व्या वर्षापूर्वी व मुलांची २० व्या वर्षापूर्वी करू नयेत, असा निर्बंध सुधारणेच्छूंनी आपण होऊन पाळावा, अशी सूचना त्यांनीच १८९० मध्ये पुढे केली होती. त्यांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारने कायद्याच्या जोरावर धर्माचारात हात घालण्याला होता. हा आक्षेप मला स्वतःला पटत नाही, कारण कायद्याची वाट पाहणाऱ्या मुलीला सरकार स्वकीय की परकीय याची चौकशी करण्यास सवड नसते. परंतु आक्षेप जसा आहे तसा मांडल्यावाचून त्याचे खंडन करणे म्हणजे गैरहजर प्रतिवाद्यावर एकतर्फी हुकूमनामा मिळविणे होय. उलट बाजूस भांडारकरांनी धर्मशास्त्रातीलच वचने तपासून कायद्याला अनुकूल अर्थ दाखविला. म्हणजे ज्या प्रमाणावर प्रतिपक्ष उभा होता, त्याच प्रमाणावर जाऊन त्यांनी त्याच्याशी वाद केला. आगरकरांची बुद्धिवादी भाषा त्या श्रोत्यांपैकी कितीजणांच्या गळी उतरली असती आणि भांडारकरांची कितीजणांच्या, यावर वर्गात चर्चा होऊ दे. एकच मत निरनिराळ्या वाचकांपुढे निरनिराळ्या प्रमाणांनी मांडावे लागते, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या प्रकरणातून लवकर समजेल.

तू विचारले आहेस की मुलांनी ‘बाई, तुमचे मत काय?’ असे विचारल्यास काय करावे. वह्या परत देईपर्यंत सांगू नये; नंतर अवश्य सांगावे. आधी सांगितलेस तर गुणांच्या आशेने सारा वर्ग तुझा अनुयायी होईल, आणि कधीच सांगितले नाहीस तर बाईंना मतच नाही, किंवा असून ते बोलण्याची छाती नाही, असा ग्रह होईल. तपासताना प्रतिपक्षाचा परिच्छेद आधी वाचीत जा आणि गुणांचा मोठा वाटा तेथेच ठेव. शुद्धलेखनाची काटछाट शेवटी.

आणखी एक प्रकार तुला आढळेल. एखादी मुलगी तावातावाने आरंभ करील, प्रतिपक्ष प्रामाणिकपणे लिहावयास घेईल, आणि तिसऱ्या पानावर तिचे स्वतःचेच मत डळमळीत झालेले दिसेल. आरंभ आणि शेवट यांचा मेळ बसणार नाही. नियमावर बोट ठेवणारा परीक्षक तिथे ‘विसंगती’ असा शेरा मारून गुण कापतो. तू तसे करू नकोस. तिला बोलावून घे, कोणत्या वाक्यापाशी मन फिरले ते तिच्याकडूनच दाखवून घे, आणि ते वाक्य आरंभी ठेवून सर्व पुन्हा लिहावयास सांग. मुदत आठ दिवसांची दे, त्याहून कमी नको.

सहामाही परीक्षेपूर्वी दोन वह्या, नावे झाकून, मजकडे पाठव : तुला सर्वांत आवडलेली एक, आणि जिने तुला संताप आणला अशी एक. दुसरी आधी वाचीन.

इति आशीर्वाद.

तुझा,
मामा