डोंगरमाथ्यावरच्या अनाम माश्या

प्रस्तावना

एखाद्या नव्या गावी गेल्यावर आपण प्रथम तेथील माणसांची नावे विचारतो. नाव कळले की चेहरा लक्षात राहतो, पुढच्या भेटीत ओळख पटते आणि त्या माणसाविषयी दुसऱ्याशी बोलता येते. निसर्गाच्या अभ्यासातही असेच घडते. ज्या जिवाला नाव नाही त्याची नोंद करता येत नाही, त्याची संख्या घटली तरी ती कोणाला कळत नाही. नव्या जिवाला शास्त्रीय नाव कसे मिळते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. त्यासाठी पॅसिफिक महासागरातील फिजी या द्वीपसमूहावरील माश्यांचे उदाहरण घेतले आहे. पाठ वाचताना वर्णन आणि वर्गीकरण या दोन लेखनप्रकारांतील फरकाकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

‘मधमाशी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोळे, मध आणि डंख उभे राहतात. परंतु जगात ज्ञात असलेल्या वीस हजारांहून अधिक मधमाश्यांच्या जातींपैकी फारच थोड्या जाती मध साठवतात. बहुसंख्य माश्या जमिनीत बीळ करून किंवा वाळक्या काटकीत घर करून राहतात. फुलांतील पराग आणि मकरंद यांवर त्या आपल्या पिलांचे पोषण करतात. अशा माश्यांचे एक मोठे कुल म्हणजे हॅलिक्टिडी. या कुलातील काही माश्या उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या हातावर येऊन बसतात आणि घाम चाटतात, कारण घामातील क्षार त्यांना हवे असतात. यावरून इंग्रजीत या सगळ्या कुलालाच ‘घामाच्या माश्या’ असे नाव पडले. नाव काहीसे अन्यायकारकच म्हणायचे. कारण यांपैकी कित्येक माश्या हिरव्या, निळ्या आणि जांभळ्या धातूसारख्या झळकतात. भारतातही हे कुल आहे. मात्र या माश्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असल्याने आपण त्यांना चिलटे समजून हाताने उडवून लावतो.

फिजीची बेटे तीनशेहून अधिक आहेत. त्यांतील सर्वांत मोठे बेट विती लेवू. त्याच्या मध्यभागी डोंगरांची रांग असून तोमानिवी हे शिखर १,३२४ मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रीतील कळसूबाईपेक्षा ते ठेंगणे. या बेटांवर होमॅलिक्टस या प्रजातीच्या माश्या राहतात. त्यांची एक खूण अशी की, मादी पराग केवळ पायांवर नव्हे, तर पोटाच्या खालच्या बाजूस असलेल्या केसांत भरून घरी नेते. फिजीच्या मूळच्या वनस्पतींच्या परागणात या माश्यांचा वाटा मोठा आहे, कारण पाळीव मधमाशी या बेटांवर माणसाने नंतर आणली.

येथे ‘जाती’ आणि ‘प्रजाती’ या शब्दांविषयी थोडे सांगायला हवे. मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘प्रजाती’ हा मोठा गट असून ‘जाती’ हा त्यातील लहान घटक होय. वर्तमानपत्रांत मात्र ‘वाघाची प्रजाती धोक्यात’ असे सर्रास छापले जाते. तेथे ‘जाती’ हा शब्द अभिप्रेत असतो. शास्त्रीय नावातही हाच क्रम पाळला जातो. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि नाव नंतर लिहावे तसे हे आहे. स्वीडनमधील कार्ल लिनिअस याने ही पद्धत रूढ केली. प्राण्यांची नावे १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून ग्राह्य धरली जातात.

फिजीतील होमॅलिक्टस माश्यांपैकी फिजिएन्सिस या जातीला १९२८ साली नाव मिळाले. ती सखल भागातही सर्वत्र आढळते, म्हणून ती आधी सापडावी हे स्वाभाविकच होते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मिचनर या विख्यात अभ्यासकाने येथील माश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ज्ञात जातींची संख्या चारवर गेली. त्यानंतर चाळीस वर्षे ती चारच राहिली. माश्या चारच होत्या असा याचा अर्थ नव्हे. डोंगर चढून जाळे फिरवणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

२०१९ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील जेम्स डोरी, मायकेल श्वार्झ आणि मार्क स्टीव्हन्स या संशोधकांनी नऊ नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. चाराच्या तेरा झाल्या.

नवी जात ‘सापडली’ असे आपण म्हणतो तेव्हा जंगलात कोणीतरी अचानक आनंदाने ओरडले असेल, असे वाटते. प्रत्यक्षात हे काम बरेचसे टेबलाशी बसून होते. जाळ्यात आलेल्या माश्या टाचणीवर लावल्या जातात. प्रत्येक टाचणीला एक इवलीशी चिठ्ठी असते: ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासकाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली तुलना सुरू होते. पंखांतील शिरा कशा वळल्या आहेत? हॅलिक्टिडी कुलाच्या माशीच्या पुढील पंखातील एक शीर ठळकपणे कमानीसारखी वाकलेली असते. कुल ओळखण्याची ती सोपी खूण. पाठीवरील खळगे दाट आहेत की विरळ? पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत? जबडा केवढा? नराचे जननांग कोणत्या आकाराचे? हे शेवटचे निरीक्षण किचकट असले तरी पुष्कळदा निर्णायक ठरते, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जातींचे वेगळेपण तेथेच स्पष्ट होते.

रंगावर मात्र फार भिस्त ठेवता येत नाही. याचे कारण स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजेल. समजा, कडधान्ये ओळखता न येणाऱ्या माणसासाठी आपल्याला सूचना लिहायच्या आहेत. आपण लिहू: ‘दाण्यावर काळा डोळा आहे का? असल्यास चवळी. नसल्यास पुढे जा. दाणा हिरवा आहे का? असल्यास मूग.’ अशा ‘होय’ किंवा ‘नाही’ उत्तरांच्या प्रश्नमालिकेला वर्गीकरणशास्त्रात किल्ली म्हणतात. आता त्याच माणसाच्या हाती मुगाची पिवळी डाळ दिली, तर आपली किल्ली तत्काळ निकामी होते. मूग तोच, रूप निराळे. माश्यांमध्येही नर आणि मादी यांचे रूप वेगवेगळे असते, आणि एकाच जातीतील दोन माद्यांची झळाळीही सारखी असेल असे नाही. म्हणून चांगली किल्ली करणारा अनेक नमुने पाहतो, आणि नर व मादी यांच्यासाठी बहुधा स्वतंत्र किल्ल्या लिहितो.

अलीकडे डीएनएची मदत होऊ लागली आहे. माशीचा एक पाय पुरतो. त्यातील एका ठरावीक जनुकाच्या सुमारे साडेसहाशे अक्षरांची तुलना करून कोणत्या माश्या एकमेकींच्या जवळच्या आणि कोणत्या दूरच्या, हे समजते. २००३ पासून ही पद्धत जगभर पसरली. एक नर आणि एक मादी एकाच जातीचे आहेत की नाहीत, या जुन्या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे सोपे झाले. तरीही नुसत्या अक्षरांवरून जातीचे वर्णन पुरे होत नाही. डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला हातातली माशी ओळखायची असते, आणि तेथे शब्दांतले वर्णनच उपयोगी पडते.

वर्णन लिहून झाले की एक नमुना निवडावा लागतो. त्याला आदर्श नमुना म्हणू. नवे नाव त्या एका माशीला कायमचे बांधले जाते. पुढे शंभर वर्षांनी वाद निर्माण झाला, तर संग्रहालयाचा खण उघडून तीच माशी पाहिली जाते. दुकानातील वजनांविषयी शंका आल्यास ती प्रमाणित वजनाशी ताडून पाहावीत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, दुकानदाराकडे वजने पुष्कळ असतात; येथे माशी एकच.

आता नावाचा प्रश्न. नाव लॅटिन वळणाचे असावे आणि त्या प्रजातीत आधी कोणी वापरलेले नसावे, एवढे पाळले की निवडीचे स्वातंत्र्य अभ्यासकाला असते. फिजीतील नऊ नावांत हे स्वातंत्र्य चांगले दिसते. नादारिवातू आणि तावेउनी ही नावे स्थळांवरून आली. ऑस्ट्रिडॉर्सम म्हणजे जांभळ्या पाठीची. ॲट्रिटर्गस म्हणजे काळ्या पाठीची. तुइवावाए हे नाव फिजीतील वनस्पतिशास्त्रज्ञ मारिका तुइवावा यांच्या सन्मानार्थ आहे. ही सगळी नावे वाचताना कौतुक वाटते. एका नावापाशी मात्र थांबावे लागते. ते नाव टर्मिनॅलिस, म्हणजे शेवटच्या टोकाची.

ही माशी नांदी शहराजवळच्या बातिलामू पर्वतावरच आढळली आहे. (शहराचे नाव इंग्रजीत ‘नादी’ असे लिहितात, उच्चार नांदी.) तेथेही ती सर्वत्र नाही. शिखरापासून खाली ९५ मीटर अंतराच्या आतच ती मिळाली. म्हणजे वीस-पंचवीस मजली इमारतीच्या उंचीएवढा डोंगरमाथ्याचा पट्टा, आणि तेच तिचे सारे ज्ञात जग.

ती तेथे कशी पोहोचली? उष्ण कटिबंधात डोंगर चढू लागले की दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. या माश्यांपैकी बहुतेक जाती थंड हवेला जुळलेल्या आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचे हवामान आजच्यापेक्षा बरेच थंड होते. त्या काळी अशा माश्यांना डोंगराखालीही राहता येत असावे. हवा तापत गेली तशा त्या वर सरकल्या. प्रत्येक शिखर हे जणू स्वतंत्र बेट झाले. मधल्या उष्ण दऱ्या ओलांडता येईनात, आणि वेगवेगळ्या शिखरांवरील माश्यांची भेट थांबली. असे फेरे अनेकदा आले आणि गेले. दुरावलेल्या आप्तांची बोली पिढ्यान्‌पिढ्या बदलत जावी, तशा त्या बदलत गेल्या आणि वेगळ्या जाती बनल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच स्पष्टीकरण मांडले आहे. नव्या परिस्थितीशी जुळवून घेतल्यामुळे नव्हे, तर जुळवून न घेता आपल्या आवडीच्या थंडाव्याला चिकटून राहिल्यामुळे या जाती वाढल्या, असा त्याचा आशय. पारंपरिक समजुतीला धक्का देणारा हा विचार आहे.

परंतु ज्या हट्टामुळे जाती निर्माण झाल्या, तोच आता त्यांच्या जिवावर येऊ शकतो. आजवर हवा तापली की माशीला वर जाता येत होते. टर्मिनॅलिस शिखराशी पोहोचली आहे. हवा आणखी तापली तर तिच्यावर केवळ आकाश आहे. नाव देणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखूनच हा शब्द निवडला. २०२० च्या त्याच अभ्यासात डीएनए आणि शरीररचना यांच्या आधारे फिजीत या माश्यांच्या एकूण २२ जाती असल्याचे दिसून आले. त्या वेळी त्यांतील सर्वांना नावे मिळालेली नव्हती.

शब्दार्थ

कुल – अनेक प्रजातींचा मिळून होणारा मोठा गट
मकरंद – फुलातील गोड रस
परागण – पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात पोहोचण्याची क्रिया
भिस्त – भरवसा
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
जिवावर येणे – (येथे) प्राणसंकट ठरणे

स्वाध्याय

१. ‘माश्या चारच होत्या असा याचा अर्थ नव्हे’ या वाक्यातून काय सूचित होते?
२. चिठ्ठी नसलेला नमुना निरुपयोगी का ठरतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरातील पाच धान्यांसाठी किल्ली तयार करा. ती घरातील दुसऱ्या व्यक्तीला वापरायला द्या. ती व्यक्ती कोठे अडली, ते नोंदवा आणि तो प्रश्न बदलून पुन्हा लिहा.
४. ‘जिवावर येणे’ या वाक्प्रचाराचे दोन वेगळे अर्थ दाखवणारी वाक्ये तयार करा.