वऱ्हाडेंचं नाव यादीत होतं

यवतमाळात टायपिंगचं दुकान चालवायचं तर शेतकऱ्यांचा, सातबाऱ्यावर, पीकपेऱ्याची हे शब्द दिवसभर बोटांखालून जातात. त्यांच्यातला तो आडवा र मात्र जपून लिहावा लागतो.

गेल्या खरिपात पीकविम्यासाठी गावोगावच्या याद्या माझ्याकडे एकत्र करायला आल्या. काही विंडोजवर केलेल्या, काही मोबाइलवर. माझं काम लिनक्सवर. वऱ्हाडे आडनावाचे एक काका आले. शोधच्या चौकटीत आडनाव टाकलं, काहीच सापडेना. ‘माहं नाव कटलं का जी?’ काकांचा आवाज बसला. मग यादी एकेक ओळ खाली सरकवत नेली, तर नाव तिथंच होतं. अक्षर न् अक्षर तसंच दिसत होतं.

दिसायला एकच असला तरी हा र आत दोन प्रकारांनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. शोधताना संगणक हे दोन वेगळे शब्द धरतो. शिवाय एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना तो जोडक गळाला, तर र रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो आणि वऱ्हाडेंचे ‘वर्हाडे’ होतात.

म्हणून शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिला शब्द ‘वऱ्हाड’च देतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर बी दाबून व, शिफ्ट-जे दाबून ऱ, डी दाबून हलन्त, यू दाबून ह, ई दाबून काना, आणि पी शेजारच्या चौकटी कंसाच्या कळीवर ड. उबुंटू लिनक्सवर सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्स इथून मराठी जोडता येते. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. फोनेटिक कीबोर्ड वापरत असाल तर तो कुठला र टाकतो ते एकदा बघाच. शब्द लिहा आणि शेवटाकडून बॅकस्पेस देत या. नुक्त्याचा ऱ उघडा पडला तर ठीक. साधा र उरला, तर मध्ये जोडक होता.

‘ॲग्रो’, ‘ॲडव्होकेट’ यांतल्या ॲ चं दुखणंही हेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ ला वेगळी चंद्रकोर जोडत, अजूनही बरेच जण जोडतात. कळ सापडत नसेल तर कीबोर्ड आधी इंग्रजीवर आणा, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा, ०९७२ हा आकडा इंग्रजी अंकांत टाका आणि एंटर करा. लिनक्सच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये हे चालतं. नुक्त्याच्या ऱ चा आकडा ०९३१.

कृतीदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्याशिवाय यातलं काहीच लागू पडणार नाही.

बाहेरून आलेल्या यादीत आडव्या र चा किंवा ॲ चा शब्द दिसला, की तो तिथूनच कॉपी करून ‘फाइंड’मध्ये चिकटवा, ‘रिप्लेस’मध्ये स्वतः टाइप करा आणि सगळे एकदम बदला. मूळ फाइलची प्रत बाजूला राहू द्या. यादी पुढे पाठवायच्या आधीच हे उरका. नाव एकदा चुकीचं चढलं, की तालुक्याच्या चकरा त्या काकांनाच माराव्या लागतात, तेही ऐन पेरणीत.