रिटर्न भरलं म्हणजे कर भरला?

प्रश्न : कऱ्हाडमध्ये मी आयकर रिटर्न भरून देण्याचं काम करतो. क्लायंट पाटणपासून वाळवा-पलूसपर्यंतचे, बहुतेक शेतकरी. बँकेने कापलेला टीडीएस परत मिळावा म्हणून एका आजींचं रिटर्न भरलं, पैसे परतही आले. आता त्यांचा पीएम किसानचा हप्ता थांबलाय. कारण सांगतात, ‘आयकर भरणारे’. आजी म्हणतात, ‘तुझ्या रिटर्नमुळं माझं पैसं गेलं.’ खरंच तसं असतं का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : नाही. आपण रिटर्नही ‘भरतो’ आणि करही ‘भरतो’. क्रियापद एकच असल्यामुळे गावोगाव हा गोंधळ होतो. रिटर्न हा उत्पन्नाचा हिशेब असतो. तो दिल्यावर कर शून्यही निघू शकतो.

पीएम किसान योजना डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. मागील कर आकारणी वर्षात ज्यांनी आयकर भरला, ते तिच्या नियमांनुसार अपात्र ठरतात. नुसतं रिटर्न दाखल करणाऱ्यांना नियम वगळत नाही. राज्याची २०२३ पासूनची नमो शेतकरी योजनाही याच यादीवर चालते. म्हणून एक हप्ता थांबला की दुसराही थांबतो.

आजींचा हिशेब मांडून पाहू. २०२४-२५ मध्ये दहा लाखांच्या ठेवीवर ७०,००० रुपये व्याज आलं, असं धरू. बँकेने दहा टक्क्यांनी ७,००० कापले. बाकी उत्पन्न उसाचं, म्हणजे शेतीचं, करमुक्त. एकूण कर शून्य, म्हणून कापलेले सगळे पैसे परत मिळाले. जो कर पूर्ण परत आला, तो भरला असं म्हणता येणार नाही.

हे कागदावर दाखवा. आयकर विभागाकडून कलम १४३(१) खाली आलेली सूचना काढा. त्यात ‘देय कर’ शून्य आणि परताव्याची रक्कम दिसते. तिच्यासोबत फॉर्म २६एएस आणि परतावा जमा झाल्याची पासबुकातली नोंद जोडून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याआधी पीएम किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती पाहा. ई-केवायसी, जमिनीच्या नोंदीची जोडणी किंवा बँक खात्याला आधार नसणं, यांमुळेही हप्ता अडतो. मदत क्रमांक १५५२६१ आहे.

अर्ज करण्यापूर्वी घरातल्यांचीही चौकशी करा. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं. सातबारा पत्नीच्या नावावर आणि पतीच्या कंपनीतल्या पगारातून कर गेलेला असेल, तर पत्नीही अपात्र. वेगळा संसार असलेल्या सज्ञान मुलाचा कर मात्र आईच्या आड येत नाही. अपशिंग्यासारख्या सैनिकी परंपरेच्या गावांत आणखी एक अट आठवावी लागते. दरमहा १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे अपात्र असतात, मग कर शून्य असला तरी. चतुर्थ श्रेणीच्या पेन्शनरांना यातून सूट आहे.

धोका खरा आहे तो दुसरीकडे. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी उत्पन्न फुगवून दाखवायचं आणि त्यावर थोडा कर भरून टाकायचा, ही सवय आपल्याकडे रुजली आहे. असा पाचशे रुपये कर भरला, तरी नियमाच्या दृष्टीने तो भरलेलाच. खोटं उत्पन्न दाखवणं मुळातच चूक आहे. शिवाय कर्जासाठी केलेली ती खटपट दोन्ही योजनांच्या मिळून वर्षाच्या १२,००० रुपयांवर पाणी सोडायला लावते.

आणि कर खरोखर भरलेला असताना हप्ते आले असतील, तर क्लायंटला तसं स्पष्ट सांगा. पोर्टलवर रक्कम परत करण्याची सोय आहे. वसुलीची नोटीस येण्याची वाट पाहू नये.

आजींना राग येणं साहजिक आहे. त्यांच्यासारख्या बाईला दोन हजार म्हणजे औषधपाणी आणि खताची गोणी. त्यांचा अर्ज तुम्हीच लिहून द्या. आणि यापुढे शेतकऱ्याचं रिटर्न हाती घेतलं, की पॅन मागतानाच एक प्रश्न विचारत जा : ‘घरात कुणाला किसानचा हप्ता येतो का?’